बेरिल थर्टल जबानी देते

एकतीस वर्षं तिनं शब्दकोशाची मुद्रितं तपासली,
लोस्टॉफ्टच्या याच घरात, टपालानं येणारी,
चुकार स्वल्पविराम उवांसारखे वेचत.
फसवणुकीचे शब्द तिच्या विशेष लोभातले.
जेवताना नॉर्मनला सांगायची
आणि तो म्हणायचा, बेरिल, बटाटे गार होतायत.

ऐक तर. गल म्हणजे नुसता समुद्रावरचा पक्षी नव्हे,
गल म्हणजे पंख न फुटलेलं पिल्लूही,
चोचीत काहीही घाला, गिळतं.
रूक, कावळ्याचा चुलतभाऊ, तो पत्त्यांत लुबाडणारा.
लुबाडला जातो तो पिजन.
आणि ड्यूप कुठून आला? हुदहुदवरून.
डोक्यावर एवढा तुरा, आत काही नाही म्हणे.
(हुदहुदला कुणी विचारलं नाही.)
डिकॉय तर आपल्या शेजारचाच, फ्रिटनच्या तळ्यावरचा:
पाण्यावर जाळीचा बोगदा,
पाळलेलं बदक पुढे पोहत जातं
आणि रानातली मागोमाग,
कारण त्या एकाला तिथलं सगळं ठाऊक दिसतं.

बटाटे, बेरिल.

कझन करणं म्हणजे नातं काढून उंबरा ओलांडणं,
मी तुमच्या मावशीच्या जावेचा, असं सांगत.
बॅम्बूझलचं मूळ कुणालाच सापडलेलं नाही,
आणि ते तिला बरोबर वाटायचं.
मागे पत्ता ठेवून गेला असता
तर तो शब्द कसला?

आपण शेंडी लावतो, टोपी घालतो,
तोंडाला पानं पुसतो.
डोळ्यांत धूळ फेकतो तीही जरा लांबून.
तिकडची माणसं जवळ येतात,
मऊ हातानं डोळ्यांवर लोकर ओढतात,
थंडी आहे ना, म्हणून.

कॉन्स्टेबल रीस पॅमेंट, वय तेवीस,
चहा नको म्हणाला, मग घेतला.
त्याच्या फॉर्मवर एकच शब्द छापलेला होता, फ्रॉड.
कोरडा. पिसं नसलेला.
त्यापुढे रकाना: अठरा हजार चारशे पाउंड,
त्यात छपराचे सहा हजार.

नेमकं काय म्हणाला तो, मिसेस थर्टल?

सेफ, म्हणाला.
तुमचे पैसे सेफ खात्यात हलवू.
सॉरी, तीन वेळा.
सावकाश वाचा, घाई नाही, चष्मा लावा हवा तर.
माझ्या यादीतला एकही शब्द त्यानं वापरला नाही,
ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात
राग होता तो मुख्यतः याचाच.

रीसनं यादी कसली ते विचारलं नाही.
रकाना लहान होता.
फोन किती वेळ चालला?
एक तास चाळीस मिनिटं.
त्यानं वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं, लिहिलं.
नॉर्मन गेल्यापासून
या घरात इतका वेळ कुणी बोललं नव्हतं,
हे सांगण्यासारखं नव्हतं
आणि लिहिण्यासारखं तर नव्हतंच.

आणखी काही बोलला तो?

खिडकीबाहेर एक गल
शेजाऱ्यांच्या कचऱ्याची पिशवी फाडत होता,
पूर्ण वाढलेला, पंख फुटलेला, कुणाच्या बापाला न भिणारा.

नाही, बेरिल म्हणाली.

बोलला होता.
बँकेत निघताना फोन बंद करायचा नाही, असं ठरलं होतं.
दाराशी त्यानं विचारलं,
तुमच्याकडे वारा आहे का आज?
आहे, ती म्हणाली, समुद्रावरचा.
मग मफलर घ्या, मिसेस थर्टल.
आणि ती खरंच आत परत गेली,
खुंटीवरचा नॉर्मनचा काढला, तपकिरी, लोकरीचा,
आणि फोन खांद्यानं कानाशी धरून
दोन वेढे देत नाकापर्यंत बांधला.